डोलकाठीची कडी

फुलंब्रीच्या माणसानं शिडाच्या होडीवर बोलावं याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. पैठणचा नाथसागर आपल्याच जिल्ह्यात आहे. अर्थात तिथं पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा परवानगी पाहूनच उतरायचं.

होडी ट्रेलरवर घालून नेता येते ती डोलकाठी उतरवता येते म्हणून. काठी बसवायची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: बुंधा खोबणीत, बाजूच्या दोन तारा आधी, पुढची शेवटी, मग ताण. मला बोलायचंय ते तारेच्या टोकाच्या पिनेवर, आणि त्याहून त्या पिनेत अडकवायच्या कडीवर.

बैलगाडीचं चाक आसावर राहतं कशानं? टोकाच्या खिळीनं. गाडी सागाची, बैल लाखाचे, अन् भिस्त सगळी त्या लोखंडी तुकड्यावर. आमचे आजोबा खिळीला बोट लावून बघायचे, मगच कासरा धरायचे. खीळ गळाली म्हणून चाक लगेच निघत नाही. ते दोन शेतं पार करतं आणि वळणावरच्या खड्ड्यात निसटतं. इथंही तसंच. वाऱ्याकडची तार ताठ असते, पलीकडची ढिली. ढिल्या तारेत पिन हलत राहते आणि कडी नसेल तर सरकत बाहेर येते. होडी वळली की सगळा ताण त्याच तारेवर. काठी पाण्यात!

कडीऐवजी तारेचा तुकडा पिळून भागवणारे महाभाग आहेत. चाकाला खिळीच्या जागी काटकी खोचणारेही होते.

पोरांची ऑप्टिमिस्ट होडी जेमतेम 2.3 मीटर लांब. तिला तारा नाहीतच, काठी नुसती भोकात उभी. तरी होडी उलटली तर काठी निसटू नये म्हणून ती अडकवलेली हवी, असा शर्यतीचा नियमच आहे. 2018 साली हिंदी महासागरात दर्यावर्दी अभिलाष टॉमींच्या ‘थुरिया’ या शिडाच्या होडीची डोलकाठी मोडली, ती वादळात. तिथं माणूस काय करणार? पण कडी घालायला तर आपणच विसरतो ना! म्हणून पुन्हा सांगतो, ट्रेलरवरून उतरल्यावर कड्या बघा, पाण्यात ढकलण्याआधी परत बघा. रस्त्याच्या हादऱ्यांनीही त्या गळतात.

वेळ संपल्याची खूण होतेय. विजेच्या तारांचं राहिलंच की. काठी ॲल्युमिनियमची, धरणाकाठी मोटारींच्या तारा लोंबतात, तेव्हा उभी करण्याआधी मान वर करून... आणि हो, जास्तीच्या चार कड्या खिशात ठेवा, त्या पाण्यात पडतातच.