पंचेचाळिसाव्या वर्षी एम.ए. मराठी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘सध्या काय करतेस’ हे प्रत्येकाने सांगायचं ठरलंय. नोकरीचं एका वाक्यात उरकते. एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. खरं तर हल्ली इतरांनी लिहिलेलंच जास्त तपासते. बातमी वेगळी आहे. यंदा मी एम.ए. मराठीला प्रवेश घेतलाय. दूरशिक्षणाने, नोकरी सांभाळून.

घरचा पहिला प्रश्न होता, “त्याने काय होणार?” पगार वाढणार नाही, हे मी आधीच सांगून टाकलं.

माझा मराठी विषय दहावीच्या कुमारभारतीबरोबर संपला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तसाच. अकरावी सायन्सला बायफोकल घेतलं की त्या 200 गुणांच्या बदल्यात दुसरी भाषा गळायची. तेव्हा सगळे म्हणाले, “सुटलीस!” पुढे इंजिनिअरिंग, मग नोकरी. मराठी उरली ती भाजी, मुलीची बस आणि आईची औषधं एवढ्यापुरती. दोन वर्षांपूर्वी आई गेली. नातेवाइकांसाठी तिच्यावर एक पान लिहायला बसले, तर वाक्यं ऑफिसच्या ईमेलसारखी यायला लागली. मुद्देसूद आणि कोरडी. ते पान अजून अर्धंच आहे.

आता धास्तीचं सांगते. तीन तास हाताने लिहायचं, ही पहिली. एक पान लिहून झालं की बोटं आखडतात, आणि जोडाक्षरांपाशी पेन अडतं. पहिल्या संपर्क सत्राला गेले तर सेट-नेटची तयारी करणारी एक मुलगी घाईने उठून म्हणाली, “मॅडम, तुमची खुर्ची तिकडे.” मी शिकवायला आलेय असं तिला वाटलं. आता तीच मला नोट्स देते.

मोठी धास्ती वेगळीच आहे. आमच्या कामात प्रोग्रॅम चालतो किंवा चालत नाही. इथे कवितेबद्दल स्वतःचं मत मांडायचं, आणि ते बरोबर की चूक हे पडद्यावर उमटत नाही. शिवाय समीक्षेच्या पेपरातले ते संरचनावाद वगैरे शब्द! ते पाठ करता करता वाचनाची गोडीच गेली तर? वाचन हा माझा एकुलता एक विसावा आहे. तोच परीक्षेला लावलाय, याची रात्री कधी कधी खरंच भीती वाटते.

पण लीळाचरित्र हातात आलं आणि थोडी हिंमत आली. तेराव्या शतकातला हा मराठी गद्यग्रंथ. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातल्या माणसांना विचारून विचारून आठवणी गोळा केल्या. मूळ पोथी पुढे हरवली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. म्हणून तिचे वेगवेगळे पाठ आहेत. एक तर हिराइसा या बाईंच्या नावाने ओळखला जातो. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपल्या, हे वाचून माझ्यातली इंजिनिअर खूश झाली. सकळ लिपीचं कोडं पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी सोडवलं.

मला धरून ठेवलं ते मात्र पाठभेदांनी. आमच्याकडे दोन नोंदी जुळल्या नाहीत तर एक पुसतात. इथे कुणाला एक आठवलं, कुणाला दुसरं, तर दोन्ही राखून ठेवलंय. माझ्या भावाला आठवणारी आई कडक आहे. मला आठवणारी आई पोळ्या लाटताना गाणं गुणगुणणारी. कोणती खरी, यावरून आमचं एकदा जोरात वाजलंय. त्या अर्ध्या पानावर आता त्याच्याही आठवणी लिहून घ्याव्यात, असं मनात आहे.

पहिल्या सत्राची परीक्षा जवळ आलीय. बाई, सरावाची दोन उत्तरं मी पर्समध्ये घालून आणलीत. जेवणानंतर दहा मिनिटं द्याल का? लाल पेनही आणलंय.