भावी डॉक्टर आणि खेड्याची वाट
(उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



तरुण डॉक्टर खेड्यात जाण्यास राजी नसतात, ही तक्रार आपण इतक्या वेळा केली आहे की ती तपासून पाहण्याची गरजच वाटेनाशी झाली आहे. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणूनच ओळखतो. तेथील विद्यार्थी खेड्यातील माणूस रोज पाहतो. पण पाहतो तो खाटेवर. कन्नडहून किंवा सोयगावहून आलेली अडलेली बाळंतीण उशिरा का पोचली, वाहन मिळाले नाही की घरच्यांचा निर्णय होईना, हे केसपेपरवर लिहिलेले नसते.

हे दुखणे जुने आहे. १९७५ साली श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण ग्रामीण गरजांशी जोडावे असे सुचविले. १९७७ मध्ये प्रत्येक महाविद्यालयाकडे तीन विकास गट सोपविण्याची योजना आली. आता नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासूनच काही कुटुंबे दत्तक घ्यावयाची असतात. सेवाग्रामच्या महाविद्यालयात तर, १९६९ पासूनच्या परंपरेत, विद्यार्थी गावात मुक्काम करून शिकतात. मुक्काम आणि भेट यांत फरक आहे, हे शिक्षकबंधूंना सांगावयास नको.

पदवीनंतर एक वर्षाच्या शासकीय सेवेचे बंधपत्र आहे. ते मोडल्यास दंड आहे. बंधपत्राने डॉक्टर गावात पोचतो, रमत नाही. विद्यार्थ्यांशी मोकळेपणाने बोलले की कळते, त्यांना चिखलाची वा अंधाराची भीती फारशी नसते. भीती असते ती एकटेपणाची. महाविद्यालयात पाठीशी वरिष्ठ असतात, रक्तपेढी असते. सपाट प्रदेशातील प्राथमिक आरोग्य केंद्रावर सुमारे तीस हजार लोकसंख्येचा भार. तेथे मध्यरात्री रक्तस्राव सुरू झाला तर विचारावे कोणाला? या भीतीला आपण स्वार्थ म्हणतो, हे मला न्याय्य वाटत नाही. (पैशाचा मोह असणारेही आहेत; ते शहरातही कमी नाहीत.)

एकटेपणावर उपाय आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला अल्पशिक्षित, काही तर निरक्षर, अशा गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. डॉक्टरने सर्व काही स्वतः करावयाचे नसते, हे त्यातून दिसले. आज आशा कार्यकर्ती गावोगाव आहे. पण नव्या डॉक्टरला पहिल्या आठवड्यात तिच्यासोबत वस्तीवर कोण नेते? आणि अडचणीच्या रात्री उपजिल्हा रुग्णालयातील वरिष्ठाने दूरध्वनी उचलला, तर तो डॉक्टर दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज लिहीत नाही.

पंचायत सदस्यांनो, रुग्ण कल्याण समितीत आपले प्रतिनिधी बसतात. पुढील बैठकीपूर्वी केंद्राच्या निवासस्थानी एकदा जाऊन या. नळाला पाणी आहे का, न्हाणीघराला कडी आहे का, तेथून प्रसूतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवा लागतो का, ते पाहा. आज अनेक केंद्रांवर रात्रपाळीला मुलीच असतात.