फुटबॉलपटूची जांघ

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांच्या पाट्यांना तोटा नाही आणि यशवंत स्टेडियमही इथंच आहे. तरीही फुटबॉल खेळणाऱ्या पोराची जांघ दुखू लागली की ठरलेला उपाय एकच : आठवडाभर घरी बस, तेल चोळ, मग ये. पोरगं बसतं, त्याला बरंही वाटतं. मग मैदानात उतरतं आणि दोन-चार दिवसांत जांघ धरून बाहेर येतं. आज मला भांडायचंय ते या नुसत्या विश्रांतीशी.

फुटबॉलमध्ये जांघेत सर्वाधिक दुखावतो तो मांडीच्या आतल्या अंगाचा, पाय आत ओढणारा स्नायू. त्याचं वरचं टोक ओटीपोटाच्या खालच्या हाडाला चिकटलेलं असतं. जोरात किक मारताना पाय आधी मागे जातो, मग पुढे झेपावतो. त्या क्षणी हा स्नायू ताणलेला असतो आणि जोरही लावत असतो. किक, झटक्यात वळणं, पाय लांबवून चेंडू अडवणं, प्रत्येक वेळी भार त्याच्यावरच. खेळाडूला उताणं झोपवा, गुडघ्यांमध्ये मूठ धरा आणि दाबायला सांगा. नेहमीचीच जागा दुखली तर संशय याच स्नायूवर घ्यायचा.

विश्रांतीनं ठणका थांबतो, पण स्नायूत बळ येत नाही. डेन्मार्कच्या पेर होल्मिक यांनी जांघेचं जुनाट दुखणं असलेल्या खेळाडूंचे दोन गट केले. एकाला मालिश, ताण, यंत्रांचे उपचार. दुसऱ्याला बळ वाढवणारे व्यायाम. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : व्यायाम करणाऱ्यांपैकी २३ जण न दुखता खेळात परतले, दुसऱ्या गटातले अवघे ४. पुढे नॉर्वेत २०१९ साली असं दिसलं की ‘कोपनहेगन’ नावाचा एकच व्यायाम नियमित केल्यानं जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी घटतो. एका कुशीवर व्हायचं, वरचा पाय जोडीदारानं धरायचा आणि त्याच पायाच्या जोरावर अंग उचलायचं. साहित्य काही लागत नाही. विजय बारसे सरांचं, झोपडपट्टीतल्या पोरांसाठीचं ‘स्लम सॉकर’ ज्या नागपुरात उभं राहिलं, तिथं जिमच्या फीची सबब चालायची नाही. जोडीदार तर प्रत्येक मैदानावर असतो.

मात्र जांघेतलं प्रत्येक दुखणं स्नायूचं नसतं. एकाच दुखण्याला प्रत्येक डॉक्टर वेगळं नाव द्यायचा, म्हणून २०१४ मध्ये दोहात १४ देशांचे २४ तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी वर्गवारी ठरवली. खुब्याचा सांधा त्यांनी वेगळा काढला, ते योग्यच झालं, कारण खुबा दुखतो तेव्हा माणूस बोट जांघेकडे दाखवतो. वाढत्या वयात खूप खेळणाऱ्या मुलांत मांडीच्या हाडाचा वरचा गोळा त्याच हाडाच्या मानेजवळ जाडसर होऊ शकतो आणि पाय दुमडताना खुब्याच्या वाटीच्या कडेला अडतो. पण असा आकार असूनही कित्येकांना काहीच त्रास नसतो, तेव्हा नुसता रिपोर्ट वाचून घाबरू नका.

आता आपल्या विदर्भाची गोष्ट, जी युरोपातल्या पुस्तकांत फारशी सापडत नाही. इथल्या अनेक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्यात काहींच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू लागतं. सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्येच ते कळतं. घरात सिकलसेल असेल, तर खेळाडूनं डॉक्टरला आपणहून सांगावं. आणि अनवाणी खेळणाऱ्याच्या जांघेत दुखरी गाठ आली तर आधी त्याचे तळपाय पाहा. जखम चिघळून आलेलं ते अवधाण असू शकतं.

शेवटचं, खास आईवडिलांसाठी. दहा ते सोळा वयाचा मुलगा गुडघा दुखतो म्हणतो, लंगडतो, पाऊल बाहेर वळवून टाकतो आणि गुडघ्यात तर काहीच सापडत नाही. अशा वेळी खुब्याचा गोळा वाढीच्या थरावरून घसरलेला असू शकतो. त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढा, आणि तिथपर्यंत त्याला चालवत नेऊ नका.