हिरकणी आणि गडाचा दरवाजा



रायगडच्या हिरकणीची कथा आपण लहानपणीं ऐकलेली आहे. गडावर दूध विकावयास गेलेली गवळण, सायंकाळीं बंद झालेले दरवाजे, घरीं भुकेलेलें तान्हें मूल, आणि काळोखांत कडा उतरून गेलेली ती आई! तिच्या धैर्याचें स्मारक म्हणून तेथें बुरूज बांधला गेला, असें दंतकथा सांगते. या कथेंत आपण नेहमीं आईचें कौतुक करतों. आज मला बोलावयाचें आहे तें दरवाजाविषयीं.

अंगावर पाजणें स्वाभाविक आहे. पण स्वाभाविक म्हणजे सोपें नव्हे. पहिल्या दोनतीन दिवसांत येणारा पिवळसर चीक थोडाच असतो. तो नासका समजून पिळून टाकण्याची चाल पुष्कळ घरांत होती. वास्तविक रोगांपासून रक्षण करणारीं द्रव्यें त्यांत विपुल असतात, आणि नवजात बाळाच्या इवल्या पोटाला तो सहसा पुरतो. म्हणून जन्मानंतर पहिल्या तासांतच बाळास पाजावें, ६ महिने मध, पाणी, गुटी कांहींच देऊं नये आणि पुढें वरच्या अन्नाबरोबर २ वर्षें किंवा अधिक काळ पाजीत राहावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

परंतु याच दिवसांत घरांतील वडील मंडळी म्हणतात, "हिला दूध पुरत नाहीं." हेतु वाईट नसतो, परिणाम मात्र वाईट होतो. बाळ जितकें ओढतें तितकें दूध तयार होतें, हा देहधर्म आहे. बाटली आली कीं बाळ कमी ओढतें आणि दूध खरोखरच आटूं लागतें. शिवाय चिंतेनें पान्हा अडतो तो निराळाच. बाळाचें वजन नीट वाढत असेल तर दूध पुरतें आहे असें समजावें. शंका असल्यास डॉक्टरांस दाखवावें. बाळंतिणीस उपदेशापेक्षां गरम जेवण, दोन घटका झोप आणि घरकामांतून सुटका यांचा उपयोग अधिक. प्रयत्न करूनही जिला पाजतां येत नाहीं, तिला तर कोणीं शब्दही लावूं नये.

घराबाहेरचे कांहीं दरवाजे उघडले आहेत. १९८९ सालीं मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें मातृदुग्धपेढी निघाली. एका आईचें जास्तीचें दूध तपासून, तापवून, दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळास मिळूं लागलें. १९९२ च्या कायद्यानें डब्यांतील बालदुधाच्या जाहिरातींस बंदी केली. २०१७ सालीं नोकरदार स्त्रियांची बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठीं १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघर आवश्यक ठरलें. एस. टी. स्थानकांवर पाजणाऱ्या मातांसाठीं ठेवलेल्या खोलीस तर हिरकणी कक्ष असेंच नांव आहे.

मात्र आपल्याच घरीं भांडीं घासणाऱ्या बाईपर्यंत ही पगारी रजा पोंचत नाहीं. बाळ झाल्यावर ती लवकरच कामास येते, आणि दुपारपर्यंत तिचें मूल शेजारणीजवळ रडत असतें. तिच्यासाठीं आपणच रजा ठरवावी, तिचा पगार कापूं नये, आणि कामावर आल्यावर मूल आणावयास मोकळीक द्यावी व पाजावयास निवांत जागा द्यावी. येथें सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. हा दरवाजा आपल्या घराचा आहे.