सहा महिन्यांचे परदेश आणि फ्लॅटचा ना हरकत दाखला

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



कमिटीने मला ‘परदेशी शिक्षण’ हा विषय दिला तेव्हा मी आधी हात जोडले. मी स्वतः परदेशात शिकलेलो नाही. बी.कॉम. सोलापुरात झालो आणि पुढची सगळी वर्षे बँकेत गेली. पण सेक्रेटरी म्हणाले, “साहेब, तुम्ही कर्ज खात्यात बसून किती पोरं पाठवलीत!” ते मात्र खरे आहे. शिवाय सोसायटीचा खजिनदार म्हणून मी बरीच वर्षे ना हरकत दाखल्यांवर सह्या केल्या. त्या दाखल्यांची फाईल चाळली तरी आपल्या चिंचोळी एमआयडीसीचा पंचवीस वर्षांचा इतिहास कळेल. सुरुवातीला दाखला मागत ते घरकर्जासाठी. मग कुणी टेम्पोसाठी, कुणी छोट्या वर्कशॉपसाठी, कुणी मुलीच्या लग्नासाठी मागू लागले. हल्ली मागतात ते मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी.

असाच एक अर्ज २०२४ च्या उन्हाळ्यात आला. नाव सांगत नाही, इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. वडील इथल्या एका कारखान्यात बॉयलरवर आहेत, पाळीची नोकरी. मुलगी पुण्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला. कॉलेजचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार होता, आणि एका सेमिस्टरसाठी तिची निवड झाली. वडील माझ्याकडे आले, “काका, सही पाहिजे. फ्लॅट तारण ठेवतो.”

दाखला देणे न देणे हा कमिटीचा विषय. कुणी घर तारण ठेवत असेल तर आपण बँकेचा बोजा रजिस्टरला नोंदवतो, एवढेच. पण मी त्याला म्हटले, “बस. आधी चहा घे, मग हिशेब करू.”

हिशेब असा. करारातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला तिकडे शिकवणीची फी नसते, फी आपल्या कॉलेजातच भरायची. तिकडे लागतो तो राहण्या-खाण्याचा खर्च. जर्मन सरकार व्हिसा देण्याआधी हे पैसे एका खास खात्यात आधीच भरून घेते. त्याला ते ‘श्पेरकोंटो’ म्हणतात, म्हणजे अडवलेले खाते. पैसे आपलेच, पण महिन्याला ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त काढता येत नाहीत. ती रक्कम तेव्हा ९३४ युरो होती. सहा महिन्यांचे ५,६०४ युरो. युरो नव्वदच्या जरा वर होता, म्हणजे पाच लाखांच्या आसपास. विमान, व्हिसा, विमा धरला तरी साडेसहाच्या पुढे जात नव्हते.

आता बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना पाहा. चार लाखांपर्यंत तारण नाही. चार ते साडेसात लाखांपर्यंत जामीनदार. घर-जमीन तारण मागतात ते साडेसात लाखांच्या वर. परदेशासाठी पंधरा टक्के रक्कम आपण घालायची, बाकीची बँक देते. हप्ता सुरू होतो तो शिक्षण संपल्यानंतर वर्षभराने. प्रत्येक बँकेची रीत थोडी वेगळी असते, हे मान्य. पण सहा महिन्यांसाठी राहते घर अडकवायचे काहीच कारण नव्हते. तिच्या मामाने जामीन दिला, आणि आमच्या रजिस्टरला बोजा चढला नाही. पूर्ण दोन वर्षांच्या पदवीसाठी पोर पाठवायचे असेल तर हिशेब वेगळा. तो वीस-तीस-चाळीस लाखांचा मामला. तिथे घर तारण ठेवायची वेळ येते, आणि तिथे आईवडिलांनी रात्रभर जागून विचार केला तरी मी त्यांना दोष देणार नाही.

महिन्याला ठरलेली रक्कम हा प्रकार काही नवा नाही बरं का. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले, तेव्हा शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्यावेळी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे एकशे बहात्तर रुपये आठ आणे. त्यातून घरीही पाठवायचे आणि जुनी पुस्तकेही घ्यायची. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार. पुढे लंडनला शिक्षण सुरू झाले आणि मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये ते अर्धवट टाकून परत यावे लागले.

मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये दिले, शाहू महाराजांनीही मदत केली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रात्री भूक लागली की डब्यातले पापड तळून खात आणि पुढे वाचत, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. पण माझ्यासारख्या बँकवाल्याला दुसरीच गोष्ट दिसते. १९२० च्या सुरुवातीला रुपया दोन शिलिंगांच्या वर गेला होता. पुढच्या वर्षभरात तो एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली घसरला. म्हणजे रुपयांची तीच रक्कम, पण तिचे पौंड वर्षात किती कमी झाले बघा! अशा काळात लंडनमध्ये बसलेल्या त्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला तो रुपयाच्या प्रश्नावरच. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ मध्ये छापून आला. दोन गोष्टींचा थेट संबंध मी जोडत नाही, तो माझा अधिकार नाही. पण जमा-खर्चाची वही ज्याने परदेशात सांभाळली आहे, त्याला हे वाचताना थांबावेसे वाटेल.

त्यांनी १९२१ मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते. अर्ज स्वतःच्या हाताने जर्मनमध्ये लिहिलेला. तिथला अभ्यास पुरा झाला नाही, पण नोंद आहे.

असो. आपल्या मुलीकडे वळतो. बाबासाहेबांशी तुलना करायची नाही, पण पापडाची आठवण येतेच, कारण तिच्या आईने कडक भाकरी आणि शेंगा चटणी अशी बांधून दिली होती की विमानतळावर बॅग उघडायला लावली. सोलापूरचा माणूस जगात कुठेही गेला तरी या दोन गोष्टी टिकतात. हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात एका मेक्सिकोच्या मुलीने ती भाकरी हातात घेऊन विचारले म्हणे, “ही खायची की फोडायची?” दोन्ही, असे हिने सांगितले.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. गावात राहायला आलो याची नोंद दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात करायची असते, आणि तिथे भेटीची वेळ मिळेना. रविवारी दुकाने बंद, हे शनिवारी कळले नाही, म्हणून पहिला रविवार शेंगा चटणीवर निघाला. वर्गात दहाचा तास म्हणून ही पावणेदहाला जाऊन बसली, तर वर्ग रिकामा. तासापुढे ‘सी.टी.’ अशी दोन अक्षरे असली की तास सव्वादहाला सुरू होतो, ही तिकडची विद्यापीठी पद्धत. तास संपला की मुले टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांनी ठोकतात. ही घाबरली, वाटले भांडण झाले.

घरी फोन यायचा तो वडिलांच्या पाळीनंतर. दुसरी पाळी अकराला सुटते, घरी यायला साडेअकरा. तेव्हा तिकडे आठ वाजलेले असायचे, जेवण झालेले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे गेली आणि साडेअकराचे सात झाले. तीन दिवस हा माणूस समजत होता की पोरगी जेवण टाळते आहे.

आणखी एक गंमत. पहिल्या परीक्षेचा निकाल आला, १.७. वडील माझ्याकडे आले तेव्हा चेहरा उतरलेला. “काका, दहापैकी पावणेदोन. एवढा खर्च करून.” मी लगेच मुलीला फोन लावायला सांगितला. तिकडे १ म्हणजे सर्वांत उत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास, ५ म्हणजे नापास. १.७ म्हणजे चांगलेच मार्क! त्या रात्री त्यांनी बी विंगमध्ये पेढे वाटले. काहींना ते मिळाले नाहीत अशी तक्रार अजून आहे, ती खजिनदाराकडे आणू नये.

आता जे सांगायला मी उभा आहे ते सांगतो. तिला तिकडे वाफेच्या बॉयलरवर प्रात्यक्षिक होते. तिने प्रेशर गेजचा आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचा फोटो घरी पाठवला आणि विचारले, “बाबा, ही काच बरोबर दाखवतेय हे कसं ओळखायचं?” त्यांनी फोनवर अर्धा तास समजावले. काचेचा कॉक उघडून फुंकून बघायचे, पाणी परत पातळीला आले नाही तर नळी चोंदली आहे असे समजायचे, आणि काच खोटी वाटली तर तिच्यावर विसंबून पाणी सोडायचे नाही. इतकी वर्षे हा माणूस हे काम करतो आहे, पण घरात कुणी त्याला या कामाबद्दल कधी विचारले नव्हते. तोंडी परीक्षेत तोच प्रश्न आला. तिने उत्तर दिले, आणि हे कुठे शिकलीस असे प्राध्यापकांनी विचारल्यावर सांगितले, “माझे वडील बॉयलर अटेंडंट आहेत.”

हे मला मुलीने सांगितले. वडिलांनी नाही सांगितले. ते आत्ता तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसले आहेत.

सोसायटीत तेव्हा काहीजण म्हणाले होते, पदवी तर इथलीच मिळणार, मग सहा महिन्यांसाठी एवढे कर्ज कशाला? प्रश्न रास्त आहे, मी बँकेत असतो तर मीही विचारला असता. तिकडे मिळवलेले श्रेयांक आपल्या कॉलेजने धरले पाहिजेत. जाण्याआधी कोणते विषय घेणार याचा लेखी करार दोन्हीकडून सही करून घ्यावा, नाहीतर परत आल्यावर तेच विषय पुन्हा द्यावे लागतात. आणि एजंटला पैसे देऊन करार ‘जमवून’ घ्यायच्या भानगडीत पडू नका. करार आहे की नाही हे कॉलेजचे कार्यालय फुकट सांगते.

कर्जाची आजची स्थिती विचाराल तर हप्ता अजून सुरू झालेला नाही. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. व्याज मात्र वडील दरमहा भरतात. भरलेच पाहिजे असे नाही, पण भरले तर पुढे ओझे कमी होते. जुन्या कर पद्धतीत असाल तर या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते, ती पावती जपून ठेवा.

यंदा आपल्याकडे आणखी दोन मुलांचे अर्ज आहेत असे ऐकतो. त्यांच्यासाठी ती येत्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसात कागदपत्रे समजावून सांगणार आहे. मीही असेन. दहा वाजता. ‘सी.टी.’ नाही, बरोबर दहा.