निवडून आल्यानंतरचं काम



पदवीदानाच्या मांडवात पाहुण्याने राजकारणावर बोलू नये असा संकेत आहे. मी आज तो मोडणार आहे. तुमच्यापैकी कुणी तलाठी होईल, कुणी ग्रामसेवक, कुणी शिक्षक. काही जण पंचायत समितीची निवडणूक लढवतील आणि मतदान तर सगळेच करतील. कारभार म्हणजे काय हे पदवीच्या परीक्षेत फारसं विचारलं जात नाही, पण त्याची उत्तरं तुम्हाला रोज द्यावी लागणार आहेत.

मी ज्या निवडणुकीबद्दल बोलणार आहे, ती झाली तेव्हा तुमचे वडील जन्मलेही नसतील. मार्च १९७२. महाराष्ट्र विधानसभेच्या २७० जागा. वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून मुख्यमंत्री होते. १९६७ ला त्यांच्या पक्षाने २०३ जागा जिंकल्या होत्या, १९७२ ला २२२ मिळाल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदजवळच्या गहुली या लहानशा गावात, बंजारा समाजात जन्मलेला माणूस राज्याचा सर्वांत दीर्घकाळ सलग राहिलेला मुख्यमंत्री ठरला, ही गोष्ट मोठीच आहे. त्या विजयाचं सगळं श्रेय मात्र त्यांच्या कारभाराला देणं खरं होणार नाही. बांगलादेशचं युद्ध नुकतंच संपलं होतं आणि इंदिरा गांधींची लाट देशभर होती. मतं मोजून झाली, की ती का पडली याची पावती कुणी लिहून देत नाही. म्हणून सरकार पुन्हा कसं निवडून आलं यापेक्षा आल्यावर त्याने काय केलं, हे पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्या सरकारपुढचा पेपर लगेच आला. त्याआधीची दोन वर्षं पाऊस बेताचाच होता आणि १९७२ चा पावसाळाही कोरडा गेला. मराठवाड्यात तेव्हा पाचच जिल्हे होते. जालना अजून औरंगाबाद जिल्ह्यात होतं. विहिरींनी तळ गाठला, जनावरं कवडीमोल विकली गेली आणि माणसं खडी फोडायला बसली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास लोक होते. हा आकडा पुस्तकात वाचून विसरण्यासारखा नाही. घरी गेल्यावर आजी असेल तर तिला विचारा. तिला ‘बहात्तरचा दुष्काळ’ एवढंच म्हणा, पुढचं ती सांगेल. कामावर वाटली जाणारी सुकडी कशी लागायची, मिलो या ज्वारीच्या लाल भाकरी घशाखाली कशा उतरायच्या नाहीत, खडी फोडताना कपची उडून डोळ्यात कशी जायची. फोडलेल्या खडीचा ढीग रचायचा, त्याचं माप घ्यायला कारकून यायचा आणि त्या मापावर मजुरी ठरायची. ढीग पोकळ आहे असं तो म्हणाला, तर दिवस वाया गेला. ज्या बाईला आकडे वाचता येत नव्हते, तिची मजुरी दुसऱ्याच्या वहीतल्या एका आकड्यावर लटकलेली होती.

ती कामं निघाली म्हणून माणसं जगली. हे त्या सरकारचं आणि त्या काळच्या प्रशासनाचं खरं कर्तृत्व आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. पण दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी होती. कलेक्टरने टंचाई जाहीर केली तर काम निघणार, आणि पाऊस पडला की बंद. आणि ज्याचं हातावर पोट आहे, त्याच्यासाठी बऱ्या वर्षातला मार्च ते जूनसुद्धा टंचाईचाच असतो.

मेहेरबानी आणि हक्क यांतला भेद ज्यांनी नेमका ओळखला त्यांचं नाव वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातले स्वातंत्र्यसैनिक, १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती. सभापतीच्या खुर्चीकडून आपण कामकाज चालवण्यापलीकडे काही अपेक्षा करत नाही. पागे मात्र साठच्या दशकापासून तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात एक प्रयोग करून पाहत होते: गावातल्या ज्याला काम हवं त्याला काम द्यायचं, आणि ते शेतीला पाणी धरून ठेवणारं असावं. मागेल त्याला काम. तीनच शब्द, पण त्यात पुढाकार सरकारकडून मजुराकडे जातो. टंचाई आहे की नाही हे कलेक्टर ठरवणार नाही, मला काम हवं हे मी ठरवणार.

निवडणुकीच्या त्याच वर्षी सरकारच्या पंधरा कलमी कार्यक्रमात रोजगार हमी योजना आली. दुष्काळाची कामं उघडावी लागल्यामुळे ती मागे पडली आणि १९७४ ला पुन्हा सुरू झाली. इथपर्यंत ही गोष्ट इतर चांगल्या योजनांसारखीच आहे. अशा योजना आपल्याकडे दर निवडणुकीला निघतात, आणि पैसा संपला की फाइलीत जाऊन बसतात. रोजगार हमीचं वेगळेपण पुढे आहे.

तुमच्यापैकी ज्यांना नोकरी लागेल त्यांच्या हातात पगाराची चिठ्ठी येईल. कपातीच्या रकान्यात एक ओळ असेल, ‘व्यवसाय कर’. बहुतेकांचे महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे मिळून २,५००. हा कर महाराष्ट्रात १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला तो रोजगार हमीसाठी. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराने, व्यापाऱ्याने, डॉक्टर-वकिलाने थोडे थोडे द्यायचे, तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्या पैशातून खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं. विधिमंडळाने शहरातल्या मध्यमवर्गाकडून खेड्यातल्या मजुरासाठी पैसा मागितला, आणि तो कायद्याने मागितला. देणगी मागणं सोपं असतं. मत देणाऱ्याच वर्गावर कर बसवायला हिंमत लागते.

मग कायदा झाला. १९७७ च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचं विधेयक एकमताने मंजूर केलं आणि २६ जानेवारी १९७९ ला ते अंमलात आलं. ग्रामीण भागातल्या प्रौढाने अंगमेहनतीचं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता अगदी तुटपुंजा होता, पण त्यामुळे ‘काम नाही’ या उत्तराची काही तरी किंमत सरकारला मोजावी लागणार होती. बाई आणि पुरुष यांना एकाच कामाची एकच मजुरी. देशात असा हक्क त्याआधी कुठल्या राज्याने दिला नव्हता. केंद्राने २००५ साली राष्ट्रीय कायदा केला तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचा होता.

आता या तारखांशेजारी मुख्यमंत्र्यांची नावं लिहून पाहा. योजना जाहीर झाली वसंतराव नाईकांच्या काळात. २२२ आमदार पाठीशी असूनही फेब्रुवारी १९७५ मध्ये दिल्लीच्या इच्छेनुसार त्यांना पद सोडावं लागलं. कर लागू झाला तेव्हा आपल्या पैठणात जन्मलेले शंकरराव चव्हाण त्या खुर्चीत होते. विधेयक मंजूर झालं वसंतदादा पाटलांच्या काळात. अंमल सुरू झाला तेव्हा शरद पवारांचं पुलोद सरकार होतं, म्हणजे विरोधकांची मोट बांधून आलेलं. सात वर्षांत चार मुख्यमंत्री आणि मध्ये आणीबाणी. एकाने दुसऱ्याची खुर्ची ओढली, पण रोजगार हमी कुणी मोडली नाही. मला यात महाराष्ट्राच्या राजकारणाचा सर्वांत उजळ चेहरा दिसतो. ही नुसती पुढाऱ्यांची उदारता नव्हती. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या महागाईविरोधी मोर्चांतल्या बायका, शहाद्याकडे संघटित झालेले आदिवासी श्रमिक, शेतकरी कामगार पक्ष आणि डाव्या पक्षांचे कार्यकर्ते यांचा रेटा बाहेरून सतत होता. रेट्याशिवाय चांगला कायदाही रेंगाळतो.

खुर्ची बदलली तरी चांगला कायदा टिकतो, हे जगात इतरत्रही घडलेलं दिसतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. तिथे रॉबर्ट ला फॉलेट १९०० साली गव्हर्नर म्हणून निवडून आले. तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, मुख्यमंत्र्यासारखा कारभार पाहणारा आणि थेट लोकांनी निवडलेला असतो. पक्षाचे उमेदवार बंद खोलीत न ठरता लोकांच्या मताने ठरावेत आणि रेल्वे कंपन्यांच्या मनमानी दरांना लगाम बसावा, हा त्यांचा आग्रह. पहिल्या कारकिर्दीत त्यांच्याच पक्षाच्या आमदारांनी ते होऊ दिलं नाही. ते १९०२ ला पुन्हा उभे राहिले, १९०४ ला तिसऱ्यांदा. त्या तिसऱ्या निवडणुकीतच उमेदवार निवडीचा कायदा लोकांपुढे कौलासाठी ठेवला गेला आणि मंजूर झाला. रेल्वेवर देखरेख करणारा आयोग १९०५ ला आला आणि पुढच्याच वर्षी ते सिनेटमध्ये गेले. कायदे मागे राहिले. पदवीधरांच्या सभेत मला त्यातली आणखी एक गोष्ट सांगायची आहे: त्या काळात तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक सरकारला कायद्यांसाठी माहिती काढून देत, मसुदे तपासत. विद्यापीठ आणि कारभार यांच्यात तिथे भिंत नव्हती.

आपल्याकडेही ती भिंत काही ठिकाणी पडली होती. परभणीचं कृषी विद्यापीठ मे १९७२ मध्ये स्थापन झालं, विधानसभेच्या त्या निवडणुकीनंतर दोन महिन्यांत. आज त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. त्याच मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी १९७४ साली नाईकांच्याच सरकारविरुद्ध विकासाचं आंदोलन पेटवलं. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेते पाठीशी उभे राहिले आणि वसमतला गोळीबारापर्यंत प्रकरण गेलं. ज्याच्या नावाचं विद्यापीठ, त्याच्याशी भांडलेली ही पोरं. दोन्ही गोष्टी आपल्या इतिहासात आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवायच्या आहेत. सरकारने एक काम चांगलं केलं म्हणून दुसऱ्या अन्यायावर गप्प बसायचं नसतं.

राज्यकर्ता गेला तरी सुधारणा टिकते, याचा एक जुना दाखला जवळच आहे. इथून थोड्या अंतरावर मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा सूत्रधार झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद. सारा गोळा करण्याचे मक्ते देणारी इजाऱ्याची पद्धत त्याने बंद केली, जमीन मोजायला लावली आणि तिचा कस पाहून सारा ठरवला. त्याला कुणी निवडून दिलं नव्हतं. तो १६२६ मध्ये गेला आणि दहा वर्षांत निजामशाही संपली. त्याची साऱ्याची पद्धत मात्र त्याच्या राज्यापेक्षा जास्त टिकली. पुढच्या राज्यकर्त्यांनी तिच्यावरच आपली घडी बसवली, कारण मोजलेली जमीन आणि लिहिलेला हिशेब गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडे होता. सत्ता गेल्यावरही सुधारणा टिकते ती अशा नोंदींमुळे, आणि त्या नोंदी प्रामाणिकपणे ठेवणाऱ्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या माणसांमुळे.

रोजगार हमीचं नुकसानही नोंदींच्या याच जागी झालं. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, खोटी नावं चढली. मेलेल्या माणसांच्या हजेऱ्या लागल्या. ठेकेदाराने यंत्र लावलं आणि कागदावर मजूर दाखवले. कराचा पैसा जमत राहिला, पण तो सगळा मजुरांपर्यंत जात नाही ही टीका वर्षानुवर्षं होत आली. आणखी एक अडचण कायद्यातच होती. नवं काम उघडायला पन्नास मजूर लागत. एकट्या विधवेने अर्ज दिला तर तिचा हक्क मान्य, पण काम नाही. जिथे पन्नास अर्ज एकत्र करून, तारखेची पोचपावती घेऊनच कचेरीतून उठणारं कुणी होतं, तिथे काम निघालं. जिथे असं कुणी नव्हतं, तिथे तोच कायदा असूनही माणसं ऊसतोडीला गेली. पोचपावतीवर तारीख नसेल तर पंधरा दिवस कधी सुरू झाले हे सिद्धच होत नाही आणि भत्ता मिळत नाही. म्हणूनच अनेक कचेऱ्यांत अर्ज घेतात, पावती देत नाहीत.

कायद्यांची नावं बदलतील, केंद्राचे आणि राज्याचे नियम बदलतील, दिवसांची मर्यादा कमीजास्त होईल. अर्ज, पावती, मस्टर आणि माप या चार गोष्टी राहणारच आहेत आणि त्या तुमच्यापैकीच कुणाच्या तरी हातात असणार आहेत. ग्रामसेवक झालात तर अर्जावर त्या दिवसाची तारीख घाला. अभियंता झालात तर माप जागेवर उभं राहून घ्या. शिक्षक झालात तर आठवीच्या मुलांना हजेरीपट वाचायला शिकवा, म्हणजे ती घरी जाऊन आईची हजेरी तपासतील. आणि यातलं काहीच झाला नाहीत, शेतीच केलीत, तर येत्या ग्रामसभेला जा. तिथे पुढच्या वर्षाच्या कामांची यादी मंजुरीला येते आणि बहुतेक वेळा ती कुणी वाचून दाखवत नाही. तुम्ही उठून मागा. आपल्या गावातला पाझर तलाव तीत आहे का, नाला खोलीकरण कुणाच्या शेताजवळ धरलं आहे, गेल्या वर्षीचं किती झालं, हे सगळ्यांसमोर विचारा. उत्तर मिळालं नाही, तर प्रश्न ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि सही करण्याआधी ते वाचा.