प्लेटलेटचा आकडा आणि तिच्या आतले काम

तेरखेडा हे फटाक्यांचे गाव आहे. वातीला लागलेली ठिणगी दारूपर्यंत कशी जाते, हे इथल्या कारागिरांच्या हातांना पाठ आहे. प्लेटलेटच्या आतही अशीच एक वात असते. डेंग्यूच्या दिवसांत मात्र सगळे घर एकाच आकड्याकडे डोळे लावून बसते, आणि त्या आतल्या वातीची चौकशी कुणी करत नाही. ती आधी करावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

रक्तवाहिनी फाटली की आतले कोलॅजन उघडे पडते आणि प्लेटलेट त्याला चिकटते. मग ‘सिक’ नावाचे विकर जागे होते, ते फॉस्फोलायपेज-सीला कामाला लावते. हे विकर आवरणातल्या एका मेदाचे दोन तुकडे करते. एक तुकडा साठवलेले कॅल्शियम मोकळे करतो, दुसरा प्रोटीन कायनेज-सीला उठवतो. चपटी तबकडी बघता बघता काटेरी होते. सायक्लोऑक्सिजनेज-१ या विकराच्या मदतीने थ्रॉम्बॉक्सेन तयार होते आणि शेजारच्या प्लेटलेटना हाक जाते. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे याच घराण्यातल्या विकरांना अडवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने तिला नवे विकर घडवता येत नाही; अ‍ॅस्पिरिनने बंद पडलेले विकर तिच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यात बंदच राहते. डेंग्यूच्या तापात अ‍ॅस्पिरिन घेतली, तर उरल्यासुरल्या प्लेटलेटही मुक्या होतात. अहवालात याचा मागमूस दिसत नाही.

कुणी म्हणेल, खेड्यात मोजणीच होते, काम तपासायचे कुठे? अडचण खरी आहे. ग्लॅन्झमान आजारात प्लेटलेटची संख्या पुरेशी असूनही रक्त थांबत नाही. त्याच्या निदानासाठी परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेसारखी जागा लागते. पण डेंग्यूत नुसता आकडाही सगळे ठरवत नाही: रक्तस्राव नसेल तर संख्या १०,००० च्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवण्याची सर्वसाधारणपणे गरज नाही, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. मग हृदयरुग्णांनी अ‍ॅस्पिरिन सोडावी का? मुळीच नाही, मनाने तर नाहीच. ज्याच्या धमनीत स्टेंट आहे त्याचा जीव तिच्यावर आहे, आणि डेंग्यू झाला तर त्याचा निर्णय वेगळा, विचारपूर्वक घ्यावा लागतो. इतरांसाठी तापाला पॅरासिटामॉल पुरते. आयब्युप्रोफेनही हेच विकर अडवते, थोड्या वेळापुरते का होईना, आणि पुष्कळ जोडगोळ्यांत ते पॅरासिटामॉलच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेले असते. म्हणून रुग्णाच्या खिशातले गोळ्यांचे पाकीट मागून घ्या आणि मागची बाजू वाचा.